सातव्या गाडीचा ड्रायव्हर

हर्बर्ट मिस्किटाचं इंग्रजी फार सुरेख होतं, आणि त्या इंग्रजीनेच सगळा घात केला. साधा बोलणारा माणूस असता तर खरं काय ते एखाद्या दिवशी त्याच्या तोंडातून निसटलं असतं. पण अर्ज लिहिणाऱ्याला एक वाईट सवय लागते. पानभर लिहून नेमकं तेवढंच गाळायचं. मी हे अधिकाराने सांगते, कारण त्याने लिहिलेले आठही अर्ज माझ्या हातांनी टाईप झालेले आहेत.

अंधेरी स्टेशनच्या पूर्वेला, किराणा दुकानाशेजारचा लाकडी जिना चढून वर आलं की माझा टायपिंगचा क्लास होता. सकाळी मुली शिकायला यायच्या, संध्याकाळी पाचनंतर मी बाहेरची कामं घ्यायचे. हर्बर्ट मरोळच्या गावठाणातला. कुर्ला रोडवरच्या एका कारखान्यात तो टाइमकीपर होता, आणि त्याआधी फौजेत हवालदार-क्लार्क. चाळिशीचा, उंच, खिशाला दोन पेनं, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. लग्न केलं नव्हतं. बहीण ल्युसी आणि तिचा नवरा मार्कस यांच्या घरात राहायचा. मला तो मृणालबाई म्हणायचा, मी त्याला हर्बर्टभाऊ.

त्याची बटालियन लढणारी नव्हती. लढणाऱ्यांना जेवू घालणारी होती. पीठ, रॉकेल, ब्लँकेटं, काडतुसं, खेचरांचा चारा, लागेल ते ट्रकमध्ये भरायचं, डोंगरावर पोचवायचं आणि रिकामा ट्रक घेऊन खाली यायचं. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. "गोळी झाडणाऱ्याला पदक मिळतं, मृणालबाई," तो म्हणायचा. "त्याला सकाळी चहा कोणी दिला ते कोण विचारतो?" हे वाक्य त्याने मला किमान वीस वेळा ऐकवलं असेल. बटालियनचा नंबर मी इथे लिहीत नाही. त्यातली माणसं अजून आहेत, आणि मला कुणाशी भांडायचं नाही.

रत्नप्रभा पहिल्यांदा आली ती चौसष्ट सालच्या नोव्हेंबरात, हर्बर्टच्या मागून जिना चढत. ठेंगणी, काळीसावळी, नाकात चमकी, जेमतेम सव्वीस-सत्तावीसची. भांडुपला एका खोलीत सासूबरोबर राहायची आणि औषधांच्या गोळ्या भरायच्या कामाला जायची. मूळ गाव कणकवलीकडचं. तिचा नवरा धाकू हर्बर्टच्याच बटालियनमध्ये ड्रायव्हर होता. बासष्टच्या लढाईत तो दिसेनासा झाला. त्याच्या जुन्या पत्रात एक ओळ होती, 'ऑफिसात अंधेरी-मरोळचा हर्बर्ट आहे, आपली भाषा बोलतो, चांगला माणूस आहे.' त्या एका ओळीवर ही बाई मरोळमध्ये विचारत विचारत त्याच्या कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभी राहिली होती.

फौजेच्या कागदात धाकू मेलेला नव्हता, पकडलेलाही नव्हता. 'गाडीसह गैरहजर' असं त्याच्या नावापुढे लिहिलं होतं. सरळ मराठीत, पळून गेला. गावात तिच्या दिराने पंचांसमोर मान खाली घातली, आणि चाळीत तिला 'पळपुट्याची बाईल' म्हणणारी एक भवानी होतीच. अर्ज करायचा तो यासाठी.

हर्बर्ट माझ्या क्लासात बसून पेनने मसुदा करायचा आणि मी दोन कार्बन घालून टाईप करायचे. लिहिण्याआधी तो तिला विचारायचा, काय लिहू? ती दरवर्षी तेच सांगायची. "भाऊ, बाकी कायेक लिवू नकात. माझो घोव खंय आसा, तेवढांच इचारा."

आणि हा लिहायचा भलतंच. विधवेसमान अवस्था, वृद्ध सासू, प्रकरणाचा सहानुभूतीने फेरविचार, आपला आज्ञाधारक. काय ते इंग्रजी! मी शिकणाऱ्या मुलींना नमुना म्हणून दाखवायचे. उत्तर दोन-तीन महिन्यांनी यायचं, चार ओळींचं. नवी माहिती नसल्याने फेरविचार करता येत नाही. मग पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा अर्ज. असे आठ.

नवी माहिती हर्बर्टकडे होती. पहिल्या दिवसापासून होती. ती त्याने दिली असती तर पहिल्याच अर्जाला निकाल लागला असता, हे मला आठ वर्षांनी कळलं. वाचणाऱ्याला मी तेवढं थांबवत नाही. आत्ताच सांगून टाकते, म्हणजे हा माणूस तिच्यासमोर बसून कसा लिहीत होता ते नीट दिसेल.

मला त्याच्या वागण्यात एकच गोष्ट खटकायची. घर मरोळला, चालत पंधरा मिनिटांवर. बाई भांडुपहून दोन बस बदलून यायची. तिला घरी बोलावून चहा द्यायचा सोडून हा दर वेळी माझ्या क्लासात आणायचा. मी एकदा म्हटलंही, "अहो, ल्युसीच्या हातचा चहा पाजा की तिला." तर म्हणाला, "ल्युसीला सवड नसते." मला वाटलं, कोकणातली हिंदू बाई घरी आणली तर गावठाणात बोलतील, म्हणून असेल. मनात त्याला नावंही ठेवली.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई झाली. माझ्या खिडकीच्या काचांना महिनाभर ब्लॅकआऊटचा खाकी कागद होता. ती जिंकल्यावर सगळ्यांना इतिहासाचा पुळका आला. बहात्तरच्या फेब्रुवारीत हर्बर्टला बटालियनकडून पत्र आलं. बटालियनला पंचवीस वर्षं होत आहेत, पुस्तक काढायचं आहे, रोजची डायरी आपण ठेवत होता, तरी बासष्ट सालचा भाग आपणच लिहावा.

तो जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढून आला. पत्र मला वाचायला दिलं, मी वाचल्यावर परत घेऊन स्वतः मोठ्याने वाचलं. "मृणालबाई, आमचा पण इतिहास छापतायत. आमचा!" मला खरंच आनंद झाला. पीठ पोचवणाऱ्यांचं कुणीतरी नाव घेतंय, चांगलंच होतं ते.

त्यानंतर दोन महिने तो रोज संध्याकाळी पानं आणायचा. सुंदर लिहायचा. आसामातल्या पायथ्याचा तळ, चिखलात रुतलेले ट्रक दोरांनी ओढणारे शीख, उंचावर डाळ शिजत नाही म्हणून स्वयंपाक्याने धरलेलं डोकं, एका वळणावर प्रत्येक ड्रायव्हर हॉर्न वाजवून खाली दरीकडे करायचा तो नमस्कार. मी टाईप करता करता हसायचे, कधी थांबायचे. त्याच्या हातात हे होतं आणि तो कारखान्याच्या फाटकावर लोकांच्या येण्याच्या वेळा टिपत बसायचा, याची हळहळ वाटायची.

मग गोष्ट सतरा नोव्हेंबरपर्यंत आली आणि हर्बर्ट येईनासा झाला. तीन आठवडे पत्ता नाही. चौथ्या आठवड्यात आला तो चार पानं घेऊन. दाढी वाढलेली. "तब्येत बरी नव्हती," म्हणाला आणि खिडकीशी जाऊन बसला.

मी टाईप करायला घेतलं. त्या पहाटे धुक्यात सात गाड्या रसद घेऊन वर गेल्या. दुसऱ्या दिवशी वरचा रस्ता तुटला, तळ मागे घ्यायचा हुकूम आला, कागद जाळले. वर गेलेली एकही गाडी परत आली नाही. खाली शहीद ड्रायव्हरांची नावं होती. माझी सवय अशी की यादी असली की मोजायची, टाईप करताना एखादी ओळ सुटते. मी मोजली. सहा.

"हर्बर्टभाऊ, एक नाव राहिलं तुमचं."

"नाही. बरोबर आहे."

"अहो, सात गाड्या वर गेल्या आणि ड्रायव्हर सहा? सातवी काय आपोआप गेली?"

मी सहज बोलले. माझ्या बोलण्याला जरा धार असते, सगळे म्हणतात. पण हर्बर्टचा चेहरा बघून माझे हात मशीनवरून खाली आले. तो म्हणाला, "सातवी धाकूने नेली." आणि मग उजेड जाईपर्यंत बोलत राहिला.

त्यांच्या ड्रायव्हरांत एक रीत होती. एकाची पाळी दुसऱ्याने घ्यायची, तोंडातोंडी. कुणाचं पोट बिघडलं, कुणाची रात्रभर झोप नाही झाली, तर दुसरा गाडी न्यायचा. ड्यूटीच्या चिठ्ठीवर नाव पहिल्याचंच राहायचं. संध्याकाळी गाडी परत आली की क्लार्क नाव दुरुस्त करायचा. गाड्या रोज परत यायच्या, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. साहेबांनाही ठाऊक होतं.

सातव्या गाडीच्या चिठ्ठीवर नाव मार्कसचं होतं. हर्बर्टच्याच गावठाणातला मार्कस, ज्याचं ल्युसीशी लग्न होऊन पाच महिने झाले होते. आदल्या संध्याकाळी त्याने स्वतःची आणि आणखी दोघांच्या वाट्याची रम ढोसली आणि पहाटे त्याला उभं करता येईना. लढाईच्या तोंडावर ड्यूटीवर दारू प्यालेला ड्रायव्हर. सरळ कोर्ट मार्शल. हर्बर्टने धाकूला उठवलं. "धाकू, मार्कसची गाडी ने रे. संध्याकाळी कागद मी सरळ करतो." धाकू म्हणाला, "जातंय. पण उद्याची माझी सुट्टी." आणि गेला.

संध्याकाळी गाडी आली नाही. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या जळाल्या. खाली उतरल्यावर चौकशी झाली तेव्हा सातवी गाडी गायब आणि तिचा ड्रायव्हर मार्कस तंबूत जिवंत, हे कसं, असा प्रश्न आला. हर्बर्टने डायरीत लिहिलं, 'सातवी गाडी ड्रायव्हर धाकूने चिठ्ठीविना नेली. गाडी व ड्रायव्हर यांचा पत्ता नाही.'

"शब्दन् शब्द खरा होता," तो म्हणाला. "चिठ्ठी त्याच्या नावाची नव्हती. पत्ता नव्हताच."

मला इतका संताप आला की काय सांगू. त्याच्याबद्दल आला तसा माझ्याबद्दलही. आठ अर्ज! ती बाई समोरच्या स्टुलावर पदर सावरून बसायची, माझा नवरा कुठे आहे तेवढं विचारा म्हणायची, हा मान डोलावून 'सहानुभूतीने' लिहायचा आणि मी ते ठाकठीक समास सोडून टाईप करायचे. मी मशीनमधला कागद ओढून काढला. "उठा," म्हटलं, "घरी जा. सातवं नाव असेल तरच हा जिना चढा. नाहीतर पुन्हा तोंड दाखवू नका."

तो उठला नाही. म्हणाला, "मार्कसला ठाऊक नाही."

"काय ठाऊक नाही?"

"डायरीत मी काय लिहिलं ते. तो आजारी पडून वेगळ्या हॉस्पिटलात गेला, तिथूनच फौजेतून सुटला. त्याला वाटतं, धाकूचं नाव बाकीच्यांबरोबर शहिदांत आहे. दरवर्षी मेलेल्यांच्या सणाला, दोन नोव्हेंबरला, स्मशानातल्या मधल्या क्रुसाशी तो एक मेणबत्ती जास्तीची लावतो. दूर कुठे मेलेल्या माणसांची तिथे लावतात. ल्युसी विचारते कुणाची, तर सांगत नाही."

मग मला कळलं, रत्नप्रभाला घरी का नेत नव्हता.

पुढच्या रविवारी मी स्वतः मरोळला गेले. त्याच्यावर सोडलं असतं तर आणखी आठ वर्षं गेली असती. चर्चमधल्या मिसाहून सगळे परतले होते, दारात कोंबड्या, ओसरीवर मासे साफ करून ठेवलेले. मार्कस म्हणजे रुंद खांद्यांचा, अबोल माणूस. एका गोदामाचा टेम्पो चालवायचा. बासष्टनंतर त्याने दारूला हात लावला नव्हता, लग्नाच्या टोस्टलासुद्धा सरबत घ्यायचा, असं ल्युसी कौतुकाने सांगत होती. तेवढ्यात हर्बर्टने तोंड उघडलं.

त्याने सगळं सांगितलं, भिंतीकडे बघत. मार्कस ऐकत होता. मध्येच त्याने एकच विचारलं, "त्याचं नाव स्मारकाच्या दगडावर नाही?"

"नाही."

"त्याची बायको?"

"भांडुपला आहे. मी अर्ज लिहून देतो तिला."

मार्कस उठला. मला वाटलं हा आता मारणार. पण तो हर्बर्टला ओलांडून मोरीत गेला, तोंडावर पाणी मारून आला आणि म्हणाला, "दारू मी प्यालो. लिही. माझं नाव घालून लिही."

ल्युसी मध्ये पडली. "दहा वर्षं झाली रे! आता कशाला उकरता? तुझी नोकरी जाईल. दोन पोरी आहेत आपल्या, उद्या कोण करेल त्यांना? बेवड्या बापाच्या पोरी म्हणतील!" ती माझ्यावरही घसरली. "बाई, तुम्हाला काय जातंय? तुम्ही टाईप करून मोकळ्या."

तिचं काही चूक नव्हतं. मला खरंच काही जात नव्हतं. पण मार्कस तिला म्हणाला, "ल्युसी, तू नवऱ्याबरोबर राहतेस ना? तो दुसऱ्या बाईचा नवरा देऊन मिळालाय तुला."  ती माशांचं ताट उचलून आत गेली आणि आत रडत राहिली.

सातवं नाव लिहिलं गेलं. हर्बर्टने जबानी लिहिली, यावेळी साध्या इंग्रजीत, एकही सुरेख शब्द नाही. रीत काय होती, चिठ्ठी कुणाची होती, कोण प्यालेलं होतं, कुणी पाठवलं, डायरीत कुणी काय लिहिलं. खाली दोघांच्या सह्या. एक प्रत बटालियनला, एक रेकॉर्ड ऑफिसला. आपल्यावर काय शेकेल याची दोघांनी वाट बघितली. काही शेकलं नाही. दहा वर्षांपूर्वीच्या दारूत आता कुणाला रस नव्हता.

राहिलं होतं एकच, रत्नप्रभाला सांगणं. आणि इथे मी चुकले. हर्बर्ट म्हणाला, "नुसतं तोंडी सांगून काय उपयोग? निकाल येऊ दे, छापील नाव हातात देऊ तिच्या." तो घाबरत होता हे मला दिसत होतं. तरीही मला ते पटलं. अर्धवट बातमी देऊन बाईला टांगून ठेवण्यापेक्षा पुरी बातमी द्यावी, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर त्या स्टुलावर बसलेल्या बाईच्या तोंडावर ते बोलायची माझीही छाती नव्हती.

नोव्हेंबरात ती आली, नवव्या अर्जासाठी. हर्बर्ट म्हणाला, "यंदा अर्ज नको, वहिनी. मी वेगळ्या वाटेने लिहिलंय. चांगली बातमी येईल बहुतेक."

चांगली बातमी! मी तिथेच बसले होते. मी ऐकलं आणि मला त्यात काही खटकलं नाही. आम्हाला दोघांना वाटत होतं, पळपुटा नाही असं सिद्ध होणं म्हणजे चांगली बातमी. रत्नप्रभाने हर्बर्टकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिने काही विचारलं नाही. जाताना मात्र ती माझा हात धरून उभी राहिली, आणि जिना उतरताना तिच्या पायांत घाई होती.

पुस्तक त्र्याहत्तरच्या एप्रिलमध्ये आलं. निळ्या कापडाची बांधणी, सोनेरी अक्षरं. एकशे बाराव्या पानावर सात गाड्या आणि सात नावं, सातवं धाकूचं. सोबत रेकॉर्ड ऑफिसचं पत्र, नोंद बदलली आहे, ड्रायव्हर धाकू कर्तव्यावर असताना मृत्यू पावल्याचं धरण्यात येत आहे. हर्बर्टने ते पान उघडून टेबलावर ठेवलं आणि लहान मुलासारखा रडला. मीही रडले. सुटलो, असंच वाटलं.

त्याच रविवारी, आधी निरोप धाडून, आम्ही दोघं भांडुपला गेलो. चाळ टेकाडावर होती. तिची खोली नुकती चुन्याने रंगवलेली, दाराला नवं तोरण. सासू कॉटवर बसलेली. रत्नप्रभा आम्हाला बघून दारात आली, नवं लुगडं नेसलेली, आणि आमच्या दोघांच्या मागे बघू लागली. गल्लीच्या टोकापर्यंत.

"या, या. आणि कोण इलो हा काय?"

आम्ही दोघंच, मी म्हटलं.

"तो मागसून येता?"

त्या क्षणी मला कळलं आम्ही काय करून बसलो होतो. पाच महिने. चांगली बातमी म्हटल्यावर त्या बाईने खोली रंगवली होती. खुंटीवर पुरुषाचा एक कोरा सदरा घडी मोडून टांगलेला होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं. हर्बर्टच्या हातात ते पुस्तक होतं आणि तो ते पुढे करत होता.

सांगितलं त्यानेच. तेवढं त्याच्या पदरात टाकायला हवं. पुस्तक बाजूला ठेवून, जमिनीवर तिच्यासमोर बसून, चिठ्ठीपासून डायरीपर्यंत सगळं सांगितलं. मार्कसच्या मेणबत्तीचंही सांगितलं. कशाला सांगितलं कोण जाणे. सासू मध्येच तोंडावर पदर घेऊन कॉटवर आडवी झाली. रत्नप्रभा मात्र ताठ बसून ऐकत होती.

"म्हणजे तो पळूक नाय," ती म्हणाली.

"नाही, वहिनी. तो पळाला नाही. त्याचं नाव आता शहिदांत आहे. छापलंय. बघा."

तिने पुस्तकाकडे बघितलंही नाही. "मी म्हणी होतंय, पळान गेलो तर जावंदे. खंय तरी आसात. दुसरी बाईल केली आसात, पोरां आसतील. जिवंत आसा ना, मगे झाला." मग तिचा आवाज चढला. "तुमका म्हायत होता! मी चौसष्टात इलंय तेव्हाच म्हायत होता! तेव्हाच कित्याक सांगूक नाय? मी रडलंय असतंय आणि उठलंय असतंय!"

हर्बर्टने पुढे केलेलं पुस्तक मागे घेतलं. 

तिने सासूकडे बोट केलं. "ही दर वर्साक सांगत होती, म्हाळात पितरांवांगडा तेच्या नावान एक पान वाढूया. मी वाढूक दिलंय नाय. भांडलंय हिच्याशी. जित्या माणसाक कसला पान, म्हटलंय." तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि मग सोडलं. "परक्या माणसान तेका मेणबत्ती लावली. आणि मी बायको, मी तेका पाण्याचो थेंब दिलंय नाय. अकरा वर्सां तो उपाशी ऱ्हवलो, भाऊ. तुमच्यामुळे उपाशी ऱ्हवलो."

मी तिच्याजवळ सरकले. तिने मला हाताने थांबवलं.  मग डोळे पुसून तिने हर्बर्टला विचारलं, एखाद्या ऑफिसात विचारावं तितक्या सरळ आवाजात, "खंयच्या दिसाक गेलो तो?"

"सतरा नोव्हेंबर—"

"सतराक गाडी घेवन गेलो. मेलो खंयच्या दिसाक? सतराक? अठराक? माका तिथ होयी."

मला ठाऊक होतं, शस्त्राने गेलेल्यांची म्हणून एक चतुर्दशी असते, आणि ज्यांची तिथी कळत नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या. मी तसं म्हणू लागले. ती म्हणाली, "ता माका म्हायत आसा, बाई. सगळ्यांच्या पंगतीत नको. इतकी वर्सां तेका कोणी विचारूक नाय. तेका तेचो दिस होयो."

हर्बर्टने पुस्तक उघडलं. सतरा, अठरा, एकोणीस, तिन्ही दिवसांची पानं त्यानेच लिहिलेली होती. तळ किती वाजता सोडला, किती पोती पीठ मागे राहिलं, कुठले कागद जाळले, सगळं त्यात होतं. वर काय झालं ते नव्हतं, कारण तो वर गेलाच नव्हता. तरी तो पान उलटून शोधत होता.

"मगे पाणी मी खंयच्या दिसाक सोडू?" तिने विचारलं, आणि त्याच्या उत्तराची वाट बघत बसली.